संस्थेचा ईमेल आणि संगणक कसा वापरावा: नव्या पदाधिकाऱ्यांसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठी

संस्थेत नव्याने रुजू झालेल्या लिपिकाला किंवा निवडून आलेल्या नव्या कार्यकारिणी सदस्याला पहिल्या दिवशी दोन गोष्टी हाती मिळतात: कपाटाच्या किल्ल्या आणि संगणकाचा पासवर्ड. किल्ल्यांचे महत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नाही. कपाटात सभासद नोंदवही असते, प्रोसिडिंग बुक असते, संस्थेचा गोल शिक्का असतो, आणि तो शिक्का कोऱ्या कागदावर मारायचा नसतो हे प्रत्येकाला ठाऊक असते. पासवर्डच्या बाबतीत मात्र तो एका कागदाच्या तुकड्यावर लिहून दिला की काम संपले असे समजले जाते. प्रत्यक्षात संस्थेच्या ईमेल पत्त्यावरून गेलेले प्रत्येक पत्र लेटरहेडवर लिहून, शिक्का मारून पाठवल्यासारखेच असते, आणि त्यामागे सही कोणाचीही असली तरी नाव सर्व सभासदांचे लागते.

कोल्हापुरात सभासदांच्या संस्थांची परंपरा जुनी आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० साली सुरू झाले. त्यानंतरच्या काळात पतसंस्था, दूध संस्था, तालीम मंडळे, गृहनिर्माण संस्था, व्यापारी संघटना असा मोठा पसारा या जिल्ह्यात उभा राहिला. त्यांपैकी शाहूपुरीतल्या एका लहान संस्थेचे कार्यवाहपद मी बरीच वर्षे सांभाळले. त्या काळात जे शिकलो, आणि जे नुकसान झाल्यावर शिकलो, ते नव्याने येणाऱ्यांना आधीच सांगितले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत ज्या क्रमाने नव्या माणसाला त्यांची गरज पडते.

पहिली पायरी: खाते कोणाच्या नावावर आहे ते पाहा

संगणक सुरू करण्याआधी विचारायचा प्रश्न असा, की संस्थेचा ईमेल पत्ता कोणत्या मोबाइल क्रमांकाशी जोडलेला आहे. अनेक संस्थांमध्ये हा पत्ता कोणा उत्साही पदाधिकाऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून उघडलेला असतो. तो पदावर असेपर्यंत काही अडत नाही. आमच्या संस्थेत तसेच झाले होते. त्या पदाधिकाऱ्यांची मुदत संपली, पुढे त्यांनी तो क्रमांकही बंद केला, आणि एके दिवशी कार्यालयाच्या संगणकावर खाते आपोआप लॉगआउट झाले. पडताळणीचा कोड ज्या क्रमांकावर जात होता तो क्रमांकच अस्तित्वात नव्हता. जवळपास दोन महिने आमची आवक पत्रे कोणालाही वाचता आली नाहीत, आणि त्यांत लेखापरीक्षकांनी मागितलेल्या कागदांचे स्मरणपत्रही होते. त्या पदाधिकाऱ्यांचा यात काही वाईट हेतू नव्हता. चूक संस्थेची होती, कारण खाते संस्थेच्या नावाने घेण्याचा ठराव आम्ही कधी केलाच नव्हता.

म्हणून पत्ता पदाच्या नावाने असावा, व्यक्तीच्या नावाने नसावा. पुनर्प्राप्तीसाठी दिलेला मोबाइल संस्थेच्या मालकीचा असावा आणि त्याचे सिमकार्ड संस्थेच्या कागदपत्रांवर घेतलेले असावे. द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवर आलेला कोडही मागण्याची सोय, सुरू करावी, आणि त्या वेळी मिळणारे, मोबाइल हाताशी नसताना वापरायचे राखीव कोड कागदावर छापून, पाकिटात सीलबंद करून तिजोरीत ठेवावेत. ही व्यवस्था कोणाच्या ताब्यात राहील याचा ठराव कार्यकारिणीच्या इतिवृत्तात नोंदवावा. हा ठराव करायला बैठकीची पाच मिनिटे लागतात.

दुसरी पायरी: स्वतःच्या लॉगिननेच काम करा

संगणक एक असला तरी तो वापरणाऱ्या प्रत्येकाचे लॉगिन वेगळे असले पाहिजे. लिपिक, रोखपाल आणि कार्यवाह हे तिघे एकाच लॉगिनने काम करत असतील, तर एखादी नोंद कोणी बदलली हे कधीच सांगता येत नाही, आणि संशयाची सुई नाहक तिघांवरही फिरत राहते. वेगळे लॉगिन ही सर्वात आधी कर्मचाऱ्याच्याच संरक्षणाची सोय आहे, हे नव्या कर्मचाऱ्याने लक्षात घ्यावे.

पासवर्ड लांब असावा, दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी वापरलेला नसावा, आणि तो मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर नसावा. जागेवरून उठताना विंडोज कळ आणि एल ही अक्षरकळ एकत्र दाबली की पडदा कुलूपबंद होतो. चहाला जातानाही ही सवय सोडू नये. कार्यालयाच्या संगणकावर स्वतःचे व्हॉट्सॲप उघडले असेल, तर संध्याकाळी ते न विसरता लॉगआउट करावे.

दुसऱ्याचा पासवर्ड गैरहेतूने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६सी खाली, म्हणजे ज्याला सर्वजण 'सिक्स्टी-सिक्स सी' म्हणतात त्या कलमाखाली, गुन्हा असून त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. 'जरा तुमचा पासवर्ड सांगा, मी एक पत्र पाठवतो' अशी मागणी एखाद्या वजनदार संचालकाने केली, तर नव्या लिपिकाला नम्रपणे नकार देण्यासाठी हाताशी काही आधार हवा, म्हणून सांगतो.

तिसरी पायरी: पत्र लिहिताना

ईमेल हेही पत्रच आहे, त्यामुळे आवक-जावकची शिस्त त्यालाही लागू होते. बाहेर जाणाऱ्या महत्त्वाच्या मेलला जावक क्रमांक द्यावा आणि तो नोंदवहीत लिहावा. विषयाच्या ओळीत 'महत्त्वाचे' किंवा 'माहितीसाठी' एवढेच न लिहिता 'वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस व विषयपत्रिका' असा नेमका विषय लिहावा, म्हणजे वर्षभरानंतरही ते पत्र शोधून काढता येते. खाली नाव, पद आणि संस्थेचा पत्ता असावा. धोरणाचा विषय असेल, कोणाला आश्वासन द्यायचे असेल किंवा तक्रारीला उत्तर द्यायचे असेल, तर मसुदा आधी अध्यक्ष किंवा कार्यवाह यांना दाखवावा. लिपिकाने स्वतःच्या अधिकारात असे पत्र पाठवू नये.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून पाळावी. आपल्याकडे जुन्या संगणकांवर अजूनही जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रे असतात. ती त्या संगणकावर नीट दिसतात, पण मेलमध्ये चिकटवून पाठवली की समोरच्याला इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा काला दिसतो. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर नीट दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत, टाइप करावा, आणि जुने पत्र पाठवायचेच असेल तर त्याची पीडीएफ करून जोडावी. जीमेलवरून २५ एमबीपर्यंतच्याच फाइली जोडता येतात; कार्यक्रमाची छायाचित्रे त्याहून मोठी भरतात, तेव्हा ती गूगल ड्राइव्हवर ठेवून दुवा द्यावा, आणि तो दुवा 'ज्याच्याकडे दुवा आहे त्या कोणालाही' असा खुला न ठेवता ठरावीक व्यक्तींनाच द्यावा.

रागाच्या भरात मेल लिहू नये, हे सांगायला सोपे आहे. संस्थेच्या कामात राग येण्याचे प्रसंग खरोखरच येतात, म्हणून एक उपाय सुचवतो. जीमेलच्या सेटिंगमध्ये पाठवलेला मेल मागे घेण्याची मुदत ५ सेकंदांपासून ३० सेकंदांपर्यंत ठेवता येते. ती ३० करून ठेवावी. आणि ज्या पत्राबद्दल मनात शंका आहे, ते मसुद्यात ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाचावे.

चौथी पायरी: एकाच वेळी सर्व सभासदांना मेल पाठवताना

या पायरीवर मी अधिक थांबणार आहे, कारण नव्या माणसाकडून सर्वात जास्त चुका इथेच होतात, आणि माझ्याकडूनही झाली होती. सप्टेंबरअखेर वार्षिक सभा घ्यायची होती. नोटिसा टपालाने गेल्याच होत्या, पण ईमेलनेही पाठवाव्यात म्हणून मी जवळपास चारशे सभासदांचे पत्ते 'टू'च्या रकान्यात एकदम चिकटवले आणि मेल पाठवून दिला. त्यामुळे प्रत्येक सभासदाला उरलेल्या सर्वांचे पत्ते मिळाले. संध्याकाळपर्यंत काहींनी 'सर्वांना उत्तर' दाबून आपल्या घरगुती अडचणी चारशे जणांना कळवल्या, आणि चार दिवसांत एका विमा प्रतिनिधीचे पत्र त्या सर्व पत्त्यांवर जाऊन पोहोचले. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी, ज्यांना आम्ही सर्वजण आबा म्हणतो, मला फोन केला. आवाज चढलेला नव्हता. ते म्हणाले, "साहेब, माझा पत्ता मी संस्थेला दिला होता, गावाला नव्हता दिला." मी दिलगिरी व्यक्त केली, पण जे पत्ते एकदा बाहेर गेले ते परत घेता येत नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडची पद्धत अशी. 'टू'च्या रकान्यात संस्थेचा स्वतःचाच पत्ता लिहायचा, आणि सभासदांचे सर्व पत्ते 'बीसीसी'च्या रकान्यात टाकायचे, म्हणजे कोणालाही दुसऱ्याचा पत्ता दिसत नाही. 'सीसी' वेगळी, तिथले पत्ते सर्वांना दिसतात, म्हणून ती पदाधिकाऱ्यांपुरतीच वापरायची. साध्या जीमेल खात्यातून एका दिवसात ५०० पेक्षा अधिक जणांना मेल पाठवता येत नाही, त्यामुळे सभासद संख्या त्याहून मोठी असेल तर दोन-तीन दिवसांत विभागून पाठवायचे, आणि नोटिशीची मुदत मोजताना शेवटच्या गटाचा दिवस धरायचा. पाठवण्यापूर्वी तोच मेल आधी स्वतःला आणि कार्यालयातील आणखी एकाला पाठवून पाहायचा. तारीख, वार आणि ठिकाण दुसऱ्याने वाचल्याशिवाय नोटीस बाहेर जात नाही. तारीख रविवारची आणि वार सोमवार, अशी नोटीस गेली की दुरुस्तीपत्र पाठवण्याची वेळ येते, आणि सभेला विरोध करणाऱ्याला आयते कारण मिळते.

ज्या सभासदाने ईमेल नको असे कळवले आहे त्याला तो पाठवू नये. त्याची नोटीस टपालानेच जावी. सर्वांना पाठवण्याचे मेल संस्थेच्या कामापुरते असावेत. सणाच्या शुभेच्छा, फॉरवर्ड होऊन आलेले सुविचार, कोणाच्या दुकानाचे उद्घाटन आणि राजकीय मजकूर संस्थेच्या पत्त्यावरून जाऊ नये.

पाचवी पायरी: सभासदांची यादी, विशेषतः निवडणुकीच्या दिवसांत

कोल्हापूर जिल्ह्यात संस्थेची निवडणूक लागली की पॅनेल उभी राहतात, आणि पॅनेल उभी राहिली की सर्वात आधी मागणी येते ती मोबाइल क्रमांकांसह सभासद यादीची. मागणारा ओळखीचा असतो, कधी नात्यातला असतो, कधी विद्यमान पदाधिकारीच असतो. "पेनड्राइव्हवर घालून दे रे बाळ, उद्या परत आणतो," असे म्हटले की नवा लिपिक अडचणीत येतो.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. सहकारी संस्थेच्या सभासदाला ठरावीक पुस्तके पाहण्याचा हक्क महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ ने दिलेला आहे, आणि मतदार यादी नियमांत सांगितलेल्या पद्धतीने प्रसिद्ध होते. तो हक्क कोणी नाकारू नये. तसा अर्ज आला तर तो आवक करून कार्यवाहांपुढे ठेवावा. मात्र संगणकातील फोन क्रमांक, ईमेल, जन्मतारीख आणि बँक तपशील असलेली संपूर्ण फाइल प्रचारासाठी उचलून देणे ही निराळी गोष्ट आहे. सभासदाने ती माहिती संस्थेच्या कामासाठी दिलेली असते. ज्या कारणासाठी संमती घेतली त्याच कारणासाठी माहिती वापरावी, हेच तत्त्व संसदेने २०२३ साली मंजूर केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाच्या मुळाशी आहे.

सत्तारूढ पॅनेललाही हा नियम तितकाच लागू आहे, किंबहुना अधिक. पदावर असलेल्यांनी संस्थेच्या ईमेलवरून स्वतःच्या कारकिर्दीचे कौतुक सभासदांना पाठवणे आणि विरोधकांना तीच सोय न देणे हा संस्थेच्या साधनांचा गैरवापर आहे, असे मी स्पष्टपणे म्हणतो. आचारसंहितेच्या काळात संस्थेच्या पत्त्यावरून केवळ निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी सांगितलेला मजकूरच जावा.

यादी ज्या संगणकावर आहे त्या संगणकावर तिला वेगळा पासवर्ड लावावा. आधार कार्डाची प्रत घेणे आवश्यकच असेल, तर शेवटचे चारच अंक दिसणारी झाकलेली प्रत मागावी. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर संस्थेचा ईमेल उघडून यादी छापू नये. छापून झाल्यावर ती फाइल तिथल्या डाउनलोड फोल्डरमध्ये तशीच पडून राहते.

खासगी वापराबद्दल

कार्यालयाच्या संगणकावर जेवणाच्या सुट्टीत वीज बिल भरले किंवा मुलाचा निकाल पाहिला, तर त्याला कोणी हरकत घेऊ नये. कामाचा वेळ जात नसेल, संस्थेवर खर्च पडत नसेल आणि मजकूर आक्षेपार्ह नसेल, एवढे पुरे आहे. मात्र संस्थेच्या ईमेल पत्त्यावरून खासगी पत्रव्यवहार करू नये. ते खाते संस्थेचे दप्तर आहे. कार्यकारिणीने ठरवल्यास ते तपासले जाऊ शकते, आणि ही गोष्ट नव्या कर्मचाऱ्याला पहिल्याच दिवशी लेखी कळवली पाहिजे. त्याच न्यायाने कोणा एका पदाधिकाऱ्याने, ठराव नसताना, दुसऱ्याचे मेल उघडून पाहणेही योग्य नाही. वादाच्या विषयावरील मेल कोणीही पुसू नयेत. जीमेलच्या कचरापेटीतून ते ३० दिवसांनी कायमचे जातात, आणि मग चौकशीच्या वेळी दाखवायला काही उरत नाही.

सहावी पायरी: पैसे मागणारा मेल आला तर

अध्यक्षांच्या नावाने मेल येतो: 'मी बैठकीत आहे, फोन करू नका, सोबतच्या खात्यावर ४८,००० रुपये तातडीने भरा, पावती नंतर देतो.' नाव बरोबर असते, भाषाही ओळखीची वाटते. अशा वेळी नावावर बोट ठेवून त्यामागचा खरा पत्ता उघडून अक्षर-अक्षर वाचावा. बहुधा एखादे अक्षर बदललेले किंवा एखादा अंक जोडलेला आढळतो. त्या मेलला उत्तर देऊन खात्री करू नये, कारण उत्तर भामट्यालाच जाते. आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर अध्यक्षांना फोन करावा. फोन करू नका असे लिहिले असेल, तर नक्कीच करावा. पुरवठादाराचे बँक खाते बदलल्याचा मेल आला तरी हाच नियम आहे.

पैसे गेलेच, तर लाजेखातर गप्प बसू नये. १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा, बँकेला कळवावे, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार द्यावी. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती गोठवली गेली तरच ती परत मिळण्याची आशा असते, त्यामुळे इथे तास महत्त्वाचे असतात. चूक कळवणाऱ्या कर्मचाऱ्यावर सर्वांसमोर ओरडू नये, अशी पदाधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ज्याच्यावर एकदा ओरडले जाते, तो पुढची चूक लपवतो.

सातवी पायरी: यंत्राची आणि दप्तराची काळजी

फुकट मिळाले म्हणून चोरटे सॉफ्टवेअर संगणकावर घालू नये. जाणूनबुजून तसे सॉफ्टवेअर वापरणे हा कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ६३-ब खाली गुन्हा आहे, आणि त्याच्यासोबत येणारा विषाणू तर वेगळाच. पत्रे आणि तक्ते करण्यासाठी लिब्रेऑफिस विनामूल्य आणि कायदेशीर मिळते. विंडोज १० ला नेहमीच्या सुरक्षा सुधारणा मिळणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले आहे. संस्थेचा संगणक अजून त्यावर चालत असेल, तर पुढच्या बैठकीत तो विषय घ्यावा. बाहेरून आलेला पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय जोडू नये.

बॅकअपबद्दल मात्र कोल्हापूरकरांना वेगळे सांगण्याची गरज पडू नये. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले. व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे. आमचा सीपीयू टेबलाखाली फरशीवर होता, आणि बॅकअपची हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात. पाणी ओसरल्यावर दार उघडले तेव्हा खणात गाळ भरलेला होता, आणि डिस्क त्या गाळात होती. सहा वर्षांचे इतिवृत्त कागदावरून पुन्हा टाइप करावे लागले. जे कागदावर नव्हते ते गेले.

आता मूळ फाइलींशिवाय दोन प्रती ठेवाव्यात: एक वेगळ्या हार्डडिस्कवर, ती दर शुक्रवारी अद्ययावत करून कार्यालयाबाहेर, उंचावरच्या भागातल्या पदाधिकाऱ्याकडे कुलुपात, दुसरी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, संस्थेच्याच खात्यात. दोन्ही प्रतींना पासवर्ड असावा. तीन महिन्यांतून एकदा त्यातील एखादी फाइल खरोखर उघडून पाहावी, कारण न उघडणारा बॅकअप नसल्यातच जमा असतो. जूनच्या आधी सीपीयू टेबलावर उचलून ठेवावा.

पद सोडताना

मुदत संपली किंवा बदली झाली की एका कागदावर हस्तांतराची यादी करावी: कोणती खाती, कोणते मोबाइल क्रमांक, कोणते फोल्डर, बॅकअप कोठे आहे, राखीव कोडचे पाकीट कोणाकडे आहे. पासवर्ड या यादीत लिहू नयेत. नव्या माणसासमोर बसून ते बदलावेत. जुन्या पदाधिकाऱ्याच्या मोबाइलवरून संस्थेचे खाते काढून टाकावे, आणि घरच्या संगणकावर सभासदांच्या फाइली राहिल्या असतील तर त्या पुसल्याचे त्यांनी लेखी द्यावे. खात्याच्या सेटिंगमध्ये कोणकोणत्या उपकरणांवर ते सुरू आहे याची यादी दिसते. ती दोघांनी मिळून पाहावी, अनोळखी उपकरण दिसल्यास तिथून लॉगआउट करावे, आणि मगच हस्तांतराच्या कागदावर दोघांनी तारखेसह सह्या करून तो प्रोसिडिंग बुकाच्या फाइलला जोडावा.